रोज शंभर किलोमीटर चालवणाऱ्याला 'जुनी डिझेल गाडी नको' सांगू नका

वाळपईवाला
परवा गोव्यातल्या साखळी गावच्या एका मुलाने इथे साधा प्रश्न विचारला होता. नोकरीला रोज वेर्ण्याला ये-जा, महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर, घरात आई-वडील धरून सहा माणसं. सहा लाखांच्या आत जुनी डिझेल कोणती बघू? त्यावर पर्वरीच्या आबांचं उत्तर आलं: "डिझेल संपलं. मारुतीने सोडलं, होंडाने सोडलं. दुसऱ्याचं दुखणं विकत घेऊ नकोस, हप्त्यावर नवीन पेट्रोल घे." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही आणि रागही आला, म्हणून सविस्तर लिहितो.

मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केलं ते इंजिन वाईट होतं म्हणून नव्हे. छोट्या डिझेलला बीएस-६ या धुराच्या नव्या नियमात बसवायचा खर्च त्या किमतीच्या गाडीला झेपणारा नव्हता. तेच फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट त्याआधी स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंतो एवढ्या गाड्यांत धावलं. वाळपईपासून काणकोणपर्यंत कुठल्याही गॅरेजात त्यावर हात बसलेला माणूस सापडतो.

आता हिशेब. वर्षाला ३० हजार किलोमीटर. पेट्रोलला १५ चं ॲव्हरेज, डिझेलला २०. पेट्रोल ९६ आणि डिझेल ८८ रुपये धरा. पेट्रोलचे १ लाख ९२ हजार, डिझेलचे १ लाख ३२ हजार. वर्षाला ६० हजारांचा फरक, आणि नव्या गाडीचा हप्ता यात धरलेलाच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. २०१५ ते २०१९ मधली बीएस-४, म्हणजे आधीच्या नियमातली डिझेल, एकाच मालकाची, सर्व्हिसचे कागद असलेली. माणसं सहा आहेत म्हणजे सात सीटची अर्टिगा. डिझायरमध्ये सहावा बसवून रोज हायवेवर जायचं नसतं.

पर्वरीचा आबा
हिशेब कागदावर छान दिसतो. टर्बोच्या दुरुस्तीचा खर्च कुठे आहे त्यात? इंजेक्टर? क्लच? माझ्या जुन्या डिझेलचे इंजेक्टर आणि टर्बो एकाच पावसाळ्यात गेले. कंपनीचं नाव घेत नाही, पण बिल बघून बायको दोन दिवस बोलली नाही. तुझ्या ६० हजारांतले बरेचसे तिथेच जातात.

दुसरं, गोव्यात डिझेलचं हे वेड मला कधीच कळलं नाही. २०१२ साली पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला तेव्हा सिंधुदुर्गातली माणसं टाकी भरायला पत्रादेवीची हद्द ओलांडून येत होती. तेव्हाही आमचे लोक डिझेलच शोधत होते. आख्खं राज्य दोन-तीन तासांत संपतं, डिझेल लागतं कशाला?

वाळपईवाला
आबा, राज्य लहान आहे म्हणून नोकरी जवळ येत नाही ना. साखळीहून वेर्ण्याला रोज जाऊन-येऊन शंभरच्या वर होतात. पर्वरीहून पणजीला ऑफिसला जाणाऱ्याला डिझेल घ्यायला मीही सांगणार नाही.

काणकोणकार
पेट्रोल घ्या म्हणणाऱ्यांनी ई-२० बद्दल एक शब्द काढलेला नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोलच मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे ॲव्हरेज पडणारच. माझी आधीची पेट्रोल गाडी ई-२० साठी बनलेलीच नव्हती. मला कुणी विचारलं होतं का? भाव तोच, माल पातळ. ह्याबद्दल कुणी बोललं की लगेच देशाचं परकीय चलन वाचतं म्हणून सांगतात. माझ्या खिशाचं चलन कोण वाचवणार?

पर्वरीचा आबा
तो नवीन पेट्रोल घेतोय, जुनी नाही. २०२३ नंतरच्या गाड्या ई-२० साठी बनवलेल्या आहेत. विषय सोडू नका.

मेस्त फोंडा
गॅरेज चालवतो म्हणून दोन शब्द. आबांची गाडी मी बघितलेली नाही, पण टर्बो आणि इंजेक्टर आपोआप जात नाहीत. ऑइल उशिरा बदललं की टर्बोचं बेअरिंग उपाशी राहतं. डिझेलमधलं पाणी फिल्टरखालून वेळेवर काढलं नाही की इंजेक्टर जातात, आणि आमच्या पावसात ते पाणी येतंच. मल्टिजेटला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ऑइलकडे दुर्लक्ष झालं की ती चेन सैल पडते. सकाळी थंड इंजिन चालू करताना पुढून एक-दोन सेकंद खडखड आली तर ती गाडी सोडून द्या, मालक कितीही गोड बोलू दे.

जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर इंजिनाला बेल्ट आहे, तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. तो बदलल्याचं बिल मागा. "बदललाय हो" म्हणजे बदललेला नाही असंच धरा.

बघायला जाल तेव्हा इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण फिरवून उचला आणि उलटं करून तोंडावर ठेवा. थोडी वाफ चालते. झाकण नाचायला लागलं, आतून फसफस धूर आला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. मग मीटरवर ६० हजार दिसोत की ६ हजार.

घाटवाटा
सगळे गोव्यातच का शोधताय? दिल्लीहून आणा. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदी घातली होती. हरित लवादाचा आदेश २०१५ चा, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम ठेवला. २०२५च्या जुलैत तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं होतं, मग गडबड झाली आणि थांबवलं; ऑगस्टमध्ये न्यायालयानेही कारवाई थांबवायला सांगितली. या भीतीने लोक आठ-नऊ वर्षांच्या चांगल्या गाड्या मिळेल त्या भावात काढत आले. माझ्या चुलतभावाने गुरगावची इनोव्हा आणली. चोर्ला घाट सात माणसं घेऊन आजही हसत चढते. आणि खालून पत्रा बघा, कोरडा. आमच्या किनाऱ्यावरच्या गाड्यांसारखा गंजाचा पापुद्रा नाही.

वाळपईवाला
हा सल्ला धोक्याचा आहे. भाव कमी, पण पुढचं कोण सांगणार? तिकडची एनओसी, इकडचा रोड टॅक्स, पुन्हा रजिस्ट्रेशन. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्याचा नंबर ठेवता येत नाही. तोवर प्रत्येक नाक्यावर पोलीस हात दाखवून थांबवणार. आणि आरसी, म्हणजे रजिस्ट्रेशन, पंधरा वर्षांचं; नऊ वर्षांच्या गाडीला सहाच वर्षं उरली.

घाटवाटा
सहा वर्षांत हा मुलगा पावणेदोन लाख किलोमीटर चालवेल. अजून काय पाहिजे? कागदांची भीती दाखवून लोकांना स्थानिक दलालांच्या दारात उभं करायचं एवढंच चाललंय इथे.

काणकोणकार
दिल्लीचा पत्रा कोरडा हे खरं आहे. माझं घर समुद्राजवळ, खारा वारा खालून गाडी खातो. पण २०२३च्या जुलैत यमुनेचं पाणी दिल्लीत शिरलं होतं. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या कुठे गेल्या असतील? पॉलिश करून अशाच स्वस्तात.

घाटवाटा
पूर काय फक्त दिल्लीत येतो? आणि सावर्डे-कुडचड्याकडच्या गाड्या तुम्ही डोळे मिटून घेता, खाणीच्या लाल धुळीत वर्षानुवर्षं धावलेल्या. रेंट-अ-कॅबमधून निघालेल्या गाड्या, पर्यटकांनी फर्स्ट गिअरमध्ये ओरडवलेल्या, भाड्याच्या गाडीची काळी नंबरपाटी काढून घरगुती म्हणून विकतात. ते चालतं?

वाळपईवाला
मी कुठेच ते चालतं म्हटलेलं नाही. तू माझ्या तोंडी शब्द घालू नकोस. गाड्या आणून विकायचा तुझा धंदा असेल तर तसं सांग.

घाटवाटा
धंदा नाही माझा. मी पर्ये हायस्कूलमध्ये शिकवतो. माणसाने मत मांडलं की लगेच दलाल ठरवायचं, ही इथली सवय आहे.

मेस्त फोंडा
दोघेही थांबा. दिल्ली असो की डिचोली, गाडी वर उचलून बघा. दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीवर, सिलवर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. चांगला पत्रा खणखणतो, आतून कुजलेला धप्प आवाज देतो, नवीन रंग असला तरी. ब्रेकचे पाइप, सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं ती जागा, ह्या दोन ठिकाणी गंज खोल गेला असेल तर भाव बोलूच नका. पुरात बुडालेली ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पॉलिशवाला तिथवर पोचत नाही, चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांच्या बोल्टवरही गंज दिसतो.

दिल्लीहून आणणारा स्वतः जाऊन हे बघत असेल तर माझी हरकत नाही. फोटो बघून पैसे पाठवणार असेल तर आहे.

वाळपईवाला
शिक्षकांना दलाल म्हटलेलं मागे घेतो. दिल्लीचं मात्र पटलेलं नाही. साखळीच्या मुलाने चार दिवस रजा काढून, मेस्त सोबत नेऊन गाडी बघायची, विमान, मग दोन हजार किलोमीटर चालवत आणायची, आरटीओच्या फेऱ्या. भावातली बचत त्यातच जाते.

घाटवाटा
जाते थोडी. सगळी जात नाही.

पर्वरीचा आबा
एक विचारतो. बीएस-६ डिझेल जुनी मिळते की आता. ती का नाही सुचवत कुणी?

मेस्त फोंडा
तिला डीपीएफ आहे, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यात साठलेली काजळी जाळायला सलग हायवेचा वेग लागतो. ह्या मुलाच्या रस्त्याला ती चालेल, कारण पणजीपुढे झुआरी पुलावरून वेर्ण्यापर्यंत गाडी बऱ्यापैकी मोकळी पळते. पण सहा लाखांत सहा माणसांची बीएस-६ डिझेल, तीही चांगली, सहसा मिळत नाही. गावात शाळा-बाजार करणाऱ्याने तर तिच्या वाटेला जाऊ नये. दिवा पेटतो आणि मग मोठं बिल.

पर्वरीचा आबा
ठीक आहे. महिन्याला अडीच हजारच्या वर चालवणारा असेल आणि मेस्तसारखा माणूस हाताशी असेल तर जुनी बीएस-४ घ्यावी, एवढं मान्य करतो. पण वाळपईवाल्या, तुझ्या हिशेबात दरवर्षी निदान वीस हजार दुरुस्तीला लिही. ते न लिहिता साठ हजार वाचतात म्हणून सांगणं मला मान्य नाही.

वाळपईवाला
लिहिले. चाळीस राहिले. तरी डिझेलच.

साखळीचा प्रश्नकर्ता
सगळं वाचलं. दोन गाड्या बघून ठेवल्यात. २०१७ ची अर्टिगा, म्हापशाची, एकच मालक, सर्व्हिसची वही आहे, मीटरवर ९५ हजार. दुसरी २०१६ ची, मीटर फक्त ४२ हजार, मालक म्हणतो वही हरवली. दुसरी पन्नास हजारांनी स्वस्त आहे. मेस्त, रविवारी गॅरेज उघडं असतं का?

मेस्त फोंडा
रविवारी दुपारपर्यंत असतो. पहिली घेऊन ये. सकाळी लवकर, आणि मालकाला सांग की आधी चालू करून गरम करायची नाही. स्टार्ट मी मारणार. दुसरीसाठी पेट्रोल-पाणी खर्च करू नकोस.