ह्यूस्टनच्या पुलाखालची वटवाघळं थंडीत जात का नाहीत?

बायूकाठची:
आई सांगलीहून आली आहे. काल हवा उबदार होती म्हणून तिला वॉ ड्राइव्हच्या पुलावर नेलं. डिसेंबर असूनही वाघळं बाहेर पडली. आई म्हणाली, "थंडीत मेक्सिकोला जातात म्हणालीस ना?" हा हवामानबदलाचा परिणाम का?

सॅन अँटोनियोकर:
ताई, या पुलावरून तसा निष्कर्ष काढू नका. तिथली अडीच लाखांची वसाहत बारमाहीच आहे. ह्यूस्टनची थंडी सौम्य, पुलाखालच्या बायूवर, म्हणजे संथ ओढ्यावर, किडेही मिळतात.

बदल दिसतो तो आमच्याकडच्या ब्रॅकन गुहेत. उन्हाळ्यात तिथे दीड-दोन कोटी वाघळं असतात. एवढा थवा उठला की हवामान खात्याच्या रडारवर उमटतो. १९९५ ते २०१७ च्या रडार-नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तर वाघळांचं मेक्सिकोहून परतणं साधारण दोन आठवडे अलीकडे आलेलं. आणि थोडी आता हिवाळाभर गुहेतच राहतात.

मला घोर लागतो तो या मागे राहणाऱ्यांचा. दोन्हीकडची ही मेक्सिकन फ्री-टेल्ड जात महिनोन् महिने शीतनिद्रा घेत नाही. गारठा पडला की अंग थंड करून सुस्त पडायचं, ऊब आली की शिकारीला निघायचं. वजन १०-१५ ग्रॅम, त्यात चरबी ती किती साठणार! डिसेंबर २०२२ च्या कडाक्यात तुमच्या वॉ ड्राइव्हच्या पुलाखाली वाघळं गारठून टपाटपा पडली. ह्यूस्टन ह्युमेन सोसायटीने तिथली आणि जवळच्या पेअरलँड गावची मिळून १,५०० हून जास्त उचलून नेली, ऊब दिली, सलाइन दिलं आणि थंडी ओसरल्यावर परत सोडली. दर वेळी एवढं नशीब कुठून येणार?

अल्बनीवाला:
आमच्याकडची, न्यूयॉर्क राज्यातली, छोटी तपकिरी वाघळं मात्र खरी शीतनिद्रा घेतात. त्यांना अवेळी जाग येणं फार महागात पडतं: अंग पुन्हा तापवण्यात चरबी जळते आणि बाहेर एक किडा नसतो. २००६ मध्ये इथल्या गुहेत पहिल्यांदा आढळलेली नाकावरची पांढरी बुरशी त्यांना असंच उठवून मारते. भर हिवाळ्यात मधेच ऊब आली तरी तीच भीती.

बायूकाठची:
आई विचारतेय, एखादं पडलेलं दिसलं तर काय करायचं?

सॅन अँटोनियोकर:
काकूंना सांगा, उघड्या हाताने अजिबात उचलायचं नाही, रेबीजचा धोका असतो. जाड हातमोजे घालून टॉवेलने अलगद खोक्यात ठेवा, झाकणाला बारीक भोकं पाडा आणि लगेच वन्यजीव बचाववाल्यांना फोन करा. सपाट जमिनीवरून या जातीला सहसा उडता येत नाही, तेव्हा 'जाईल आपलं आपण' म्हणून सोडून येऊ नका.