डिसेंबरात पोट्ट्यांना घेऊन गरी टाकायला आणि तंबूत राहायला नागपूरजवळ कोणता तलाव बरा?

मानेवाडा_एक्सप्रेस
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत दोन रात्रींसाठी कुठेतरी तलावावर जायचा विचार करून राहिलो. आम्ही सहा जण, मी, बायको, दोन पोट्टे (१० आणि ६ वर्षं), आणि आई-बाबा. बाबा मूळ पवनीकडचे, त्यांचं लहानपण वैनगंगेवर गरी टाकण्यात गेलं आणि आता नातवाला शिकवायचं म्हणून दिवाळीपासून माझ्या मागे लागले आहेत. नातवाने यूट्यूब पाहून ऑनलाइन रॉड मागवायला लावला, रील-बिल असलेला, तो आला तेव्हा बाबांनी हातात घेऊन दोनदा हलवला आणि म्हणाले "मासा याला पाहून हसेल", तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

तर मुद्दा असा की मला असा तलाव पाहिजे जिथे मासे खरंच लागतील (पोरं दोन तास बसून रिकाम्या हाताने उठली तर मोबाईलच मागतील), रात्री तंबू लावता येईल, टॉयलेट असेल, आणि आईच्या गुडघ्यांना फार चढ-उतार नको. गाडीने दोन तासांच्या आत. डोक्यात चार नावं आहेत, खिंडसी, तोतलाडोह, बोर धरण, मकरधोकडा. शहरातल्या अंबाझरीच्या पाळीवर लोक गरी घेऊन बसलेले दिसतात पण तिथला मासा घरी आणायची माझी तरी हिंमत नाही. कोणी फॅमिली घेऊन गेलं असेल तर सांगा. पिकनिकवाल्यांच्या रील्स नका पाठवू, त्यात मासा कधीच दिसत नाही, फक्त ड्रोन.

उमरेडचा_भाऊ
भाऊ, तोतलाडोह आधी यादीतून काहाडा. ते पेंच नॅशनल पार्कच्या आत येते, तिथं मासेमारी बंद आहे म्हणजे बंदच आहे, गरी टाकली तरी फॉरेस्टवाले धरतीन, पोट्ट्यांसमोर इज्जत जाईन ते वेगळं. बोरचंही तसंच समजा, ते आता टायगर रिझर्व आहे, २०१४ पासून. पाहाले मस्त, गरी टाकाले नाही. राहाले जागा आहे तिथं पण तुमच्या बाबांनं तलाव पाहून हात बांधून बसाचं काय? त्याईच्या जिवाला किती लागन.

मकरधोकडा आमच्या घराजवळच आहे. पाणी मोठं आहे, पाळीवर सकाळी धुकं असलं का सुंदर दिसते, पण सावली कमी, टॉयलेट नाही, आणि राती तिथं तंबूत राहा असं मी तरी तुमाले म्हणणार नाही. दिवसा या, संध्याकाळी उमरेडले आमच्याकडं जेवा. खोटं नाही सांगत, खरंच या.

गरीवाला_काका
सगळे तलावाचं नाव विचारून राहिले. नाव नंतर, आधी त्या तलावातला मासा कोणाचा आहे ते विचारा.

आपल्याकडे नागपूर-भंडारा-गोंदिया-चंद्रपूर पट्ट्यात जवळपास प्रत्येक कामाच्या तलावात मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो. ढिवर, भोई समाजाची माणसं त्यात सभासद. ते लोक पावसाळ्यात पैसे घालून बोटुकली सोडतात (बोटाएवढं पिल्लू, रोहू-कतला-मृगळचं) आणि ते वाढेपर्यंत राखण करतात. म्हणजे तुम्ही मजेसाठी जो मासा काढता तो कोणाच्या तरी घरचा किराणा असतो. हे मला कोणी शिकवलं नाही, मी फटका खाऊन शिकलो. दहाएक वर्षांपूर्वी रामटेककडच्या एका तलावावर (नाव नाही सांगत) मित्रांसोबत गेलो, कोणालाच विचारलं नाही, अर्ध्या तासात एक कतला लागला, तीन किलोच्या वर असेल, आम्ही ओरडून ओरडून फोटो काढले आणि तो आवाज ऐकूनच राखणदार आला. म्हातारा माणूस, हातात काठीही नव्हती. शिवी दिली नाही, फक्त म्हणाला, "साहेब, वावरातून कापूस वेचून नेता का असं?" मासा दिला, पैसेही दिले, आणि परतीच्या रस्त्यात गाडीत कोणी बोललं नाही.

तेव्हापासून माझी पद्धत एकच. ज्या गावात जायचं तिथे आठ दिवस आधी जाऊन यायचं, पानटपरीवर विचारायचं की तलाव कोणाकडे आहे, संस्थेच्या अध्यक्षाला किंवा राखणदाराला भेटायचं आणि सरळ सांगायचं की म्हातारे वडील आणि लहान पोरं आहेत, एक दिवस गरी टाकू, जो मासा नेऊ त्याचं वजन करून तुमच्या दराने पैसे देऊ. मला आजवर एकदाच नाही म्हटलं, तेही त्या आठवड्यात त्यांचं जाळं पडणार होतं म्हणून. उलट बरेचदा राखणदारच जागा दाखवतो, कुठे खोल आहे, कुठे खाली झाडाची खुंटं आहेत आणि गळ अडकतो. जवळचं गाव माहीत असलेला माणूस सोबत असला तर दोन दिवस मस्त जातात, नाहीतर एवढ्या मोठ्या धरणाच्या काठावर तुम्ही आणि वारा.

म्हणून माझं मत, मोठं धरण सोडा, एखादा मामा तलाव पहा. पोट्टे विचारतील कोणाचा मामा, तर सांगा माजी मालगुजारी तलाव. कोहळी लोकांनी आणि जुन्या मालगुजारांनी धानासाठी बांधलेले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, नाव मात्र चिकटलं. हे लहान असतात, काठ उथळ असतो, पाळ रुंद असते म्हणजे तुमच्या आईला खुर्ची टाकून बसता येईल, आणि बहुतेक ठिकाणी पाळीवर आंबा, मोह, चिंच असं काहीतरी जुनं झाड असतंच.

दोन_पोरांची_आई
काकांचं सगळं बरोबर आहे पण टॉयलेटचं कोणीच बोललं नाही, बाप्पा. मामा तलावाच्या पाळीवर मी सासूबाईंना घेऊन कुठे जाऊ ते सांगा 😀

आम्ही मागच्या वर्षी जानेवारीत खिंडसीला केलं. रात्री काठावर नाही राहिलो, जवळच्या एका शेतातल्या कॅम्पवर राहिलो, तयार तंबू, बाथरूम, गरम पाणी. फोटोत तंबूच्या दारातून तलाव दिसत होता, प्रत्यक्षात तलाव पाहायला टाकीवर चढावं लागलं. म्हणून पैसे भरायच्या आधी व्हिडिओ कॉल करायला लावा आणि म्हणा, आता तंबूतून पाण्यापर्यंत चालत दाखवा. हे मी फुकट शिकवून राहिले, मला ॲडव्हान्स देऊन समजलं.

खिंडसीचं चांगलं म्हणजे बोटिंग आहे, जेवायला मिळतं, रामटेक जवळ आहे, म्हणजे एक सकाळ गडमंदिरात जाते (माकडांपासून प्रसाद सांभाळा, माझ्या लहान्याचं पूर्ण बिस्किटाचं पाकीट गेलं आणि तो माकडापेक्षा जोरात रडला). आईंना पायऱ्या नको असतील तर गाडी बरीच वरपर्यंत जाते.

दुसरं, थंडी. नागपूरकर उन्हाळ्याच्याच गोष्टी करतात पण २९ डिसेंबर २०१८ ला शहरात ३.५ अंश होतं, आणि पाण्याजवळ उघड्यावर त्याहून जास्त झोंबतं. खालून थंडी लागते, वरून नाही, म्हणून ब्लँकेट जितकी अंगावर घ्याल त्याच्या दुप्पट खाली टाका. ताडपत्री, त्यावर सतरंजी, त्यावर गादी. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूने दव टपकतं, दार थोडं उघडं ठेवायचं.

आणि पाण्याचं. २०१७ च्या जुलैत वेणा धरणात नाव उलटून इथलीच पोरं गेली, ती बातमी मी विसरू शकत नाही. पट्टीचा पोहणारा सोबत असला तरी पोरांना लाइफ जॅकेट घालूनच काठावर बसवा, मासे धरतानाही. माझ्या मोठ्याने तोंड वाकडं केलं होतं, मी म्हटलं जॅकेट नाही तर गरी नाही, विषय संपला.

तर्री_पोहा_संघ
एवढ्या लांब कशाला, रविवारी सकाळी बाजारात जा, जिवंत मरळ घ्या, घरच्या टाकीत सोडा, बाबा गच्चीवरून गरी टाकतील. टॉयलेट, गरम पाणी, सगळं आहे.

उमरेडचा_भाऊ
तू गप बस बे.

मानेवाडा_एक्सप्रेस
😂 बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले याला घेऊन चल सोबत, आमिष म्हणून.

सगळ्यांचे आभार. तोतलाडोह आणि बोर काढले. आता असं ठरवून राहिलो की रात्री खिंडसीच्या बाजूला शेतातल्या कॅम्पवर (व्हिडिओ कॉल नक्की, ताई) आणि गरी टाकायला मौदा तालुक्यात माझ्या साळ्याची सासुरवाडी आहे, त्या गावचा मामा तलाव. त्याने आजच फोन करून संस्थेच्या माणसाशी बोलणं करून दिलं. तो माणूस म्हणाला या, पण पाळीवर दारू चालणार नाही आणि प्लास्टिक टाकायचं नाही, आणि दुपारी जेवायला रोडगे आम्हीच लावतो, वांगे तुम्ही आणा. मला वाटलं होतं परवानगी मागायला कागदपत्रं लागतील, इथे वांगे लागले.

काका, आता आमिषाचं सांगा. बाबा म्हणतात गांडूळ, पोरगं म्हणतं त्या रॉडसोबत रबराचा मासा आला आहे तो लावायचा. थंडीत मासा लागतो का मुळात?

गरीवाला_काका
लागतो, पण उशिरा. उन्हाळ्यात पहाटेची वेळ धरतात, डिसेंबरात पहाटे पाच वाजता पोरांना उठवून नेऊ नका, पाणी गार असलं की रोहू-कतला सुस्त असतात, चरत नाहीत. आरामात तर्री पोहा खाऊन दहाला बसा, ऊन पाण्यात उतरलं की अकरा ते तीन चांगला वेळ. काठ असा पहा जिथे सकाळपासून ऊन पडलंय.

कोणता मासा पाहिजे त्यावर दोरीची खोली. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या पाण्यात, कतला वरच्या थरात, त्याचं तोंडच वरच्या बाजूला वळलेलं असतं. नवशिक्या पोरांसाठी तळाशी टाका. बुडाला टेकेल एवढी दोरी सोडायची आणि वर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा, बाबांना माहीत असेल. विकतचा प्लास्टिकचा फ्लोटही चालतो पण धांडा हलका, मासा नुसतं तोंड लावून गेला तरी थरथरतो. पोरांना हे सांगा की थरथरला की ओढायचं नाही. मृगळ आधी दोन-तीनदा टोचतो, धांडा जागच्या जागी नाचतो, मग एकदम तिरपा होऊन पाण्याखाली सरकतो, तेव्हा मनगटाने हलकासा झटका. पहिले चार-पाच सुटतीलच, रागवू नका.

आमिष दोन घ्या. बाबांचं गांडूळ बरोबर आहे, त्याला सगळंच लागतं, छोटे मासे जास्त, म्हणून सहा वर्षाच्याला तेच द्या, त्याला आकाराशी मतलब नाही, हलणारं काहीतरी पाहिजे. मोठ्यासाठी फल्लीची ढेप (शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड). तव्यावर वास सुटेपर्यंत भाजायची, कुटायची, कणकेत मिसळून घट्ट मळायची आणि मळताना त्यात चिमूटभर कापूस पिंजून टाकायचा. नुसती कणीक पाण्यात दोन मिनिटात सुटून पडते, कापसाने गोळी गळाला धरून राहते. बोराच्या बी एवढी गोळी, गळाचं टोक आत झाकलेलं. उरलेल्या ढेपेचे चार-पाच लाडू करून आल्या आल्या एकाच जागी पाण्यात टाका आणि अर्धा तास तिथे पाहूही नका.

रबराचा मासा मरळसाठी आहे, मरळ शिकारी मासा, काठाच्या झाडोऱ्यात दबा धरून असतो. पण तिथेच बेशरमाची झाडं असतात, तो रबराचा मासा तिसऱ्या फेकीत बेशरमात अडकेल आणि ३५० रुपये गेले म्हणून पोरगं रडेल. तरी एकदा फेकू द्या त्याला. बाबांनाही तो रॉड एकदा वापरू द्या, रीलचा आवाज त्यांना आवडेल, बोलणार नाहीत पण आवडेल.

बारीक मासा, तळहाताहून लहान, लागला तर ओल्या हाताने धरून परत सोडायचा. संस्थेचा माणूस समोर असेल तर तोच सांगेल.

मानेवाडा_एक्सप्रेस
काका, स्क्रीनशॉट काढून ठेवला. ढेप नागपुरात सुटी कुठे मिळते? आमच्याकडच्या किराणावाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हैस पाळली का काय.

गरीवाला_काका
किराणावाल्याकडे नाही, जनावरांच्या खाद्याच्या दुकानात. फल्लीची आहे का विचारून वास घेऊन घ्या, बरेचदा सरकीची हातात देतात. अर्धा किलो बस्स झाली. आणि कापूस मेडिकलमधला नको, गादीवाल्याकडचा घ्या.