नियमाच्या मसुद्यावर एकसारख्या हजारो हरकती पाठवून काही साधते का?

प्रश्न :
सरकारने नियमाचा मसुदा प्रसिद्ध करून ऑनलाइन हरकती व सूचना मागवल्या, की अनेक संघटना तयार मजकूर पुरवतात आणि लोक खाली आपले नाव घालून तो पाठवतात. अशा पत्रांची दखल घेतली जाते, की स्वतःच्या शब्दांत लिहिलेली एकच हरकत अधिक उपयोगी ठरते?

प्रतिसाद १ :
अमेरिकेत १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानुसार बहुतेक नियमांच्या मसुद्यावर लोकांचे म्हणणे मागवावे लागते आणि २००३ पासून त्यासाठी सामाईक संकेतस्थळही आहे. मात्र हे मतदान नव्हे. विरोध कितीही मोठा असला तरी केवळ त्यामुळे मसुदा मागे घेण्याचे बंधन संबंधित यंत्रणेवर नसते. महत्त्वाच्या मुद्द्यांना उत्तर देण्याचे मात्र असते, आणि ते टाळले तर न्यायालय तो नियम मनमानी ठरवून रद्द करू शकते. त्यामुळे कोणत्या कलमाचा कोणावर काय परिणाम होईल आणि त्याऐवजी कोणती तरतूद असावी, हे सांगणारी एक हरकत हजार सारख्या पत्रांपेक्षा मोलाची आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद २ :
निव्वळ संख्येवर भिस्त ठेवणे धोक्याचेही आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे इंटरनेट समानतेच्या, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सर्व संकेतस्थळांना व सेवांना सारखीच वागणूक देण्याच्या, प्रश्नावर सुमारे २.२ कोटी टिप्पण्या आल्या. त्यांपैकी जवळजवळ १.८ कोटी बनावट होत्या, असे न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. लाखो खऱ्या माणसांची नावे त्यांना न विचारता वापरली गेली, आणि ज्यांनी मनापासून लिहिले त्यांच्यावर याहून मोठा अन्याय दुसरा नाही.

प्रतिसाद ३ :
तरीही तयार मजकुराला सरसकट निरुपयोगी म्हणणे मला पटत नाही. भारतात २०१५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने याच विषयावर वीस प्रश्नांची सल्लामसलत पत्रिका काढली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. त्यांतील पुष्कळ एकाच नमुन्याचे होते, पण त्या नमुन्यात प्रश्नांची मुद्देसूद उत्तरे होती. सल्लामसलतीच्या आणखी एका फेरीनंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने इंटरनेटवर काय पाहिले-वापरले यानुसार वेगवेगळे डेटादर आकारण्यास मनाई केली.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. विषयाचे तांत्रिक ज्ञान नसलेल्याने मग काय लिहावे?

प्रतिसाद १ :
जे फक्त त्यालाच ठाऊक आहे, ते लिहावे. नियम कागदावर कसा दिसतो हे अधिकाऱ्यांना माहीत असते. एखादा अर्ज अंध व्यक्तीला भरता येत नाही किंवा दिलेल्या मुदतीत एखादा दाखला मिळतच नाही, हे ज्याला ते करावे लागते तोच सांगू शकतो. तयार मजकूर वापरायचाच असेल, तर असा एक परिच्छेद त्याच्या सुरुवातीला जोडावा.