इन्फॉर्मॅटिक्स: स्वतंत्र विषय की पातळ केलेलं कॉम्प्युटर सायन्स?

कागदकोरा: माझ्या मते स्वतंत्र विषय. कॉम्प्युटर सायन्सला रस असतो तो हे गणन मशीनला जमेल का आणि किती वेळात, यात. इन्फॉर्मॅटिक्सवाला विचारतो, ही माहिती कुणी, कुठल्या साच्यात भरली आणि वापरणाऱ्याला तीच कळली का? 'सेप्ट २', 'मार्च १' ही जनुकांची नावं. एक्सेलच्या रकान्यात टाकली की झाली २ सप्टेंबर आणि १ मार्च! शोधनिबंधांच्या जोडतक्त्यांत असल्या तारखा सर्रास सापडायच्या. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली.

बिटबहाद्दर: एका सॉफ्टवेअरची खोड, त्यासाठी अख्खी पदवी? गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ मध्ये माहिती मोजायचा सिद्धांत मांडला, तोच मुळी अर्थाला बाजूला ठेवून. तुम्ही अर्थ आत घेता, मग थोडं डेटाबेस, थोडं मॅनेजमेंट, थोडं मानसशास्त्र. एक ना धड, भाराभर चिंध्या.

कागदकोरा: शॅननला संदेश बिनचूक पोहोचवायचा होता. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान गेलं, तेव्हा इंजिनाच्या धक्क्याचे आकडे पोहोचलेच होते की. एका सॉफ्टवेअरने ते पाउंड-फोर्स सेकंदांत, म्हणजे ब्रिटिश एककांत दिले, दुसऱ्याने न्यूटन-सेकंद, म्हणजे मेट्रिक समजून घेतले. यान मंगळाच्या वातावरणात फार खाली घुसलं आणि हातचं गेलं.

बिटबहाद्दर: अहो, कागदोपत्री मेट्रिक एककंच ठरली होती, पाळली नाहीत! कमी पडली ती शिस्त. त्यावर उपाय टेस्टिंग, नवी विद्याशाखा नव्हे.

नोंदवही: मी रुग्णालयाच्या डेटावर काम करते. एक डॉक्टर 'डायबेटिस' लिहितो, दुसरा 'डीएम', तिसरा नुसता इन्सुलिनचा डोस. टाइप २ डायबेटिसचा आयसीडी-१० (आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) मधला कोड ई११, पण डोसवरून तो लावायचा का? इन्सुलिन टाइप १ लाही देतात. इथे टेस्टिंग काय करणार, बिटबहाद्दर? मात्र तुमचं एक खरं: अल्गोरिदम कच्चे असलेले आमच्याकडे लगेच अडतात. शिवाय जर्मनीत याच नावाखाली सरळ कॉम्प्युटर सायन्स शिकवतात, तेव्हा प्रवेशाआधी अभ्यासक्रम उघडून बघा.

बिटबहाद्दर: मग आधी कॉम्प्युटर सायन्स करा, हे एमएस्सीला घ्या. पहिल्या वर्षाच्या पोराने रुग्णाची नोंदच पाहिलेली नसते, तो वर्गीकरणावर वाद काय घालणार?

नोंदवही: दाखवा ना मग पहिल्याच वर्षी. नावं खोडलेल्या नोंदी द्या आणि म्हणावं, लाव कोड. दोघांचे कोड जुळले नाहीत की वाद आपोआप सुरू होतो.