जुलैत चाळीस, जानेवारीत अठ्ठावीस : गेलेल्या लेकरांचा हिशेब कोण देणार?

गोदाकाठ :
परवा एका किशोर कार्यक्रमाच्या समन्वयकांनी लिहिलं : बीड जिल्ह्यातल्या शाळांत आठवी-नववीला शरीर, नातेसंबंध आणि ताणतणाव यावर दहा सत्रं घेतली, जुलैत पूर्वचाचणी, जानेवारीत उत्तरचाचणी, गुण चांगलेच वाढले, म्हणून जोखमीतल्या मुलांसाठी हाच नमुना मराठवाडाभर न्यावा. वाचून डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

दसरा-दिवाळीला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हलतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेल्या घरातलं पोर आई-बापामागं फडावर जातं, पोरगी धाकट्याला सांभाळायला जाते. परत येतात मार्च-एप्रिलला. मग जानेवारीत बाकावर कोण उरतं? ज्याच्या घरी ओलिताचा तुकडा आहे, सांभाळायला आजी आहे, किंवा ज्याला हंगामी वसतिगृहात जागा मिळाली, तो. प्रस्तावात ज्यांच्या नावानं पैसे मागितले तीच लेकरं गळाली आणि उरलेल्यांची सरासरी काढली.

आकडे घालून बघा. जुलैत वर्गात ४० पोरं. १२ जणांना २० पैकी सरासरी ५, बाकी २८ जणांना १०. वर्गाची सरासरी ८.५. ती १२ निघून गेली की एकही सत्र न घेता सरासरी १० होते. म्हणून अहवालाचं पहिलं पान गुणांचं नको. जुलैच्या यादीतलं एकेक नाव आणि त्यापुढं : शाळेत, फडावर, लग्न झालं, पत्ता नाही. ‘लग्न झालं’ हा रकाना बारीक नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या बायकांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के निघाल्या होत्या.

प्रश्नांचंही तेच. ‘एचआयव्ही डासामुळं होतो का’ याचं उत्तर पोरांना आधीच येतं. विचारायचं तर हे विचारा : जवळचं मैत्री क्लिनिक, म्हणजे सरकारी दवाखान्यातलं किशोरवयीनांचं सल्ला केंद्र, कोणत्या वारी उघडं असतं, तू गेलास का, आत बसलेल्या ताईंनी दार लावून घेतलं का.

बिंदुसरा :
ताई, टेबलावर बसून हे लिहायला सोपं आहे. मंजुरी ऑगस्टमध्ये हातात पडते, खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा असतो. एप्रिलमध्ये उत्तरचाचणी घ्यायची तर पगार कुठून? आणि सौम्य प्रश्न आम्ही हौसेनं घालत नाही. २००७ मध्ये राज्यात लैंगिक शिक्षणावर बंदी आली, तेव्हापासून मुख्याध्यापक त्या शब्दाला बिचकतात. ‘कंडोम’ असलेली प्रश्नावली शाळेच्या दारातून परत येते. पाळी म्हणजे आजार नव्हे, एवढं जरी पोरीला कळलं तरी ते कमी नाही. त्याला शून्य म्हणू नका.

दुधना :
शून्य कुणी म्हटलं नाही. पण गुण कसे घेता ते सांगा ना. सर वर्गात उभे, प्रश्न मोठ्यानं वाचायचा, पोरांनी शेजाऱ्याच्या कागदाकडं बघत खूण करायची. त्या कागदाला काडीची किंमत नाही. शिक्षक बाहेर, बाकावर एकाआड एक पोर, कागद घडी करून कुलूपबंद पेटीत. नावाऐवजी संकेत : आईच्या नावाचं दुसरं अक्षर, जन्मतारखेतला दिवस, थोरल्या भावंडांची संख्या. मोबाइलचे शेवटचे आकडे घेऊ नका, सिम बदलतं आणि जुलैचा कागद जानेवारीच्या कागदाशी जुळत नाही.

मांजरापट्टा :
आणि ‘१२०० पोरं’ म्हणून छाती काढू नका. एका शाळेतली पोरं एकमेकांसारखी असतात. ३० शाळा, दर शाळेत ४० आणि आपसातलं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळी एकसारखी) ०.०५ धरलं, तर १ + (३९ × ०.०५) = २.९५. १२०० ला त्यानं भागा, ४०७ उरतात, म्हणजे माहिती ४०७ सुट्या पोरांइतकीच. पोरं वाढवण्यापेक्षा शाळा वाढवा.

माझं खरं दुखणं वेगळंय. जोखीम म्हटलं की सगळे ऊसतोडीकडं बोट दाखवतात. लातुरात नीटची तयारी करणारी पोरं कॉटबेसिसवर राहतात, त्यातल्या कित्येकांचं नाव भलत्याच गावच्या कॉलेजात. शाळेच्या पटावरून नमुना काढला की ती कुठल्याच यादीत येत नाहीत.

बिंदुसरा :
दुधना, तुमच्या कुलूपबंद पेटीवरच माझा आक्षेप आहे. ताणतणावाच्या भागात आम्ही पीएचक्यू-९ वापरतो, नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची यादी. नववा प्रश्न मरावंसं वाटण्याचा. पोरीनं ‘जवळजवळ रोज’ वर खूण केली, कागद निनावी पेटीत गेला, पेटी पंधरा दिवसांनी पुण्यात उघडली. त्या पोरीचं काय? तुमचा अभ्यास शुद्ध राहील, पण पोरगी राहील का?

दुधना :
तर मग नाव घ्या, आणि लैंगिक अनुभवाच्या प्रश्नावर सगळे ‘नाही’ लिहितील. नाव घेऊन खरं उत्तर मिळतं असं समजणं हा अडाणीपणा आहे.

बिंदुसरा :
अडाणी कुणाला म्हणता? पोरांसमोर रोज आम्ही उभे राहतो.

गोदाकाठ :
भांडू नका, दोघांचंही अर्धं बरोबर आहे. कागद दोन करा, दिवसही दोन. लैंगिकतेचा कागद निनावी, पेटीत. ताणाचा कागद नावासह, आणि तो शाळा सुटायच्या आत वाचायचा. पीएचक्यू-९ ची बेरीज ० ते २७. १० किंवा जास्त आली की समुपदेशकाशी गाठ. नवव्या प्रश्नावर शून्य सोडून काहीही असेल तर बेरीज ३ असली तरी त्याच दिवशी, बंद खोलीत बोलायचं. विचारल्यानं असा विचार डोक्यात घुसतो ही भीती अभ्यासांत टिकलेली नाही. समुपदेशक हजर नसेल त्या दिवशी तो कागद वाटायचाच नाही. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ फळ्यावर लिहून भागत नाही. फोन बापाच्या खिशात असतो, म्हणून शाळेतला एक फोन आणि एक खोली ठरवून द्या.

दुधना :
पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा, विसरलात. कलम १९ प्रमाणं माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं बंधनकारक, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा. सतरा वर्षांच्या पोरीनं मर्जीनं ठेवलेला संबंधही त्यात येतो. ‘सगळं गुप्त राहील’ असं सत्रात सांगायचं आणि मग ठाण्यात जायचं, हा विश्वासघात आहे. काय गुप्त राहील आणि काय नाही, हे कागद हातात देण्याआधी सांगा.

आणि पालकांची सही. बाप फडावर गेल्यावर कोरा फॉर्म तसाच परत येतो आणि ते पोर अभ्यासातून बाद होतं. सह्या जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळीच घ्या.

मांजरापट्टा :
शिकवतं कोण, यावरही बोला. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात शाळेतल्या आरोग्य कार्यक्रमाची ‘सेहेर’ चाचणी झाली, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. कार्यक्रम तोच, काही शाळांत शिक्षकांनी राबवला, काहींत प्रशिक्षण दिलेल्या बाहेरच्या समुपदेशकानं. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्य आणि दादागिरी घटली. शिक्षकांच्या शाळांत फरक नाही.

गोदाकाठ :
पैठण तालुक्यातल्या पाचोडला आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं लग्न न झालेल्या पोरींसाठी जीवनकौशल्याचा वर्ग चालवला. गावातच, संध्याकाळी, आठवड्याचे कामाचे सगळे दिवस रोज एक तास, वर्षभर. तिथं लग्नाचं मध्यक वय (निम्म्या पोरींची लग्नं ज्या वयापर्यंत होतात ते) १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष सरकवायला एवढी मेहनत लागते. दहा सत्रांकडून काय मागायचं ते त्यावरून ठरवा.

बिंदुसरा :
यादीचं मान्य करतो, नाइलाजानं का होईना. आमच्या हजेरीपटात ती नावं आहेत, अहवालात घातली नाहीत. दोन कागदांचंही मान्य. पण लग्न झालेल्या पोरीची उत्तरचाचणी सासरी जाऊन घ्यायची कशी, सासू उंबऱ्यात बसलेली असताना?

गोदाकाठ :
सासरी कागद न्यायचाच नाही, कुणाच्या हाती लागला तर मार तिला बसेल. पाडव्यानंतर टोळ्या परततात, जत्रेला लेकी माहेरी येतात. तेव्हा तिच्याच गावच्या आशाताईंकडून निरोप द्या आणि अंगणवाडीत तोंडी पाचच प्रश्न विचारा. चाचणीचा दिवस जत्रेच्या तारखेवरून ठरवा.