नव्या शहरात भाड्याने घर घ्यायचंय, भाग कसा ठरवायचा?

मंडळी, मदत हवी आहे. बदलीमुळे आम्ही दोघं आणि शाळकरी मुलगी अनोळखी शहरात राहायला जातोय.

माझ्या ऑफिसजवळ भाडं जास्त आणि घरं लहान. लांब गेलं तर ऐसपैस जागा, पण रोजची रखडपट्टी. मोबाइलवरचा नकाशा दुपारी पाऊण तास दाखवतो, सकाळी नऊला बघितलं की दुपटीच्या जवळ! त्यात बायकोचं ऑफिस बरोबर उलट्या दिशेला. मधला भाग घेतला तर दोघांचेही हाल होतील असं वाटतं. आधी शाळा ठरवून मग घर शोधावं का?

एजंट भर दुपारी घर दाखवतो. रात्रीचा गोंगाट, पाण्याची वेळ, पावसात रस्त्यावर पाणी साचतं का, हे कुणाला विचारता? वॉचमन खरं सांगतात का?

नुसत्या व्हिडिओवर विसंबून डिपॉझिट भरणं मला पटत नाही. म्हणून आधी काही महिने फर्निचरसकट तात्पुरती जागा घ्यावी म्हणतोय. बायकोचं म्हणणं, सामान दोनदा कोण हलवणार? शिवाय करारात लॉक-इन (ठरावीक मुदतीआधी घर न सोडण्याची अट) असेल तर तिथेच अडकायचं. लहान मूल घेऊन असं केलेलं कुणी आहे का? कसं जमवलंत?