हरिश्चंद्रगड, दोन दिवस: तुमचं नियोजन कुठे जमलं, कुठे फसलं?

डिसेंबरातल्या एखाद्या शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडाला जायचं घाटतंय. मी पुण्याची, गाडी आहे. बरोबर बाबा (वय 64, रोज पर्वती चढतात, पण उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो) आणि माझी 11 वर्षांची लेक. बाबांना हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आणि केदारेश्वर बघायचंय, लेकीला तंबूत झोपायचंय, मला कोकणकडा हवाय. वाटांची वर्णनं वाचून झाली. सगळीकडे 'मध्यम श्रेणी' लिहिलेलं असतं, कुणाची मध्यम ते कळत नाही. म्हणून तुमचे अनुभव लिहा. कुठून चढलात, किती वाजता निघालात, रात्र कुठे काढलीत, आणि परत जायचं झालं तर काय बदलाल?

*

सुरुवात मी करतो, कारण आमच्याइतकं कुणाचं फसलं नसेल.

आम्ही चौघं, कल्याणहून शनिवारी सकाळी आळेफाट्याच्या एसटीनं निघालो. माळशेज चढून खुबी फाट्यावर उतरायचं, तिथून खिरेश्वर, मग तोलार खिंड, मग गड. कागदावर छान दिसत होतं. खुबी फाटा ते खिरेश्वर ही पिंपळगाव जोगे धरणाच्या बांधावरची पाच-साडेपाच किलोमीटरची चाल मात्र कुणीच हिशेबात धरली नव्हती. सावली नावाला नाही. खिरेश्वरात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजलेले आणि माणशी दीड लिटरमधलं अर्धं पाणी संपलेलं.

तोलार खिंडीत वाघाचं शिल्प कोरलेला दगड आहे, तिथे फोटो काढून झाले. पुढचा कातळटप्पा रेलिंगला धरून चढलो. त्याची भीती वाटली होती, पण तो बरा गेला. खरी परीक्षा वरच्या पठारावर. टेकडी चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. प्रत्येक वेळी वाटायचं, हिच्या पलीकडे देऊळ. पलीकडे दुसरी टेकडी. एका मित्रानं चौथ्या टेकडीनंतर बोलणंच बंद केलं. देवळापाशी पोचलो पावणेपाचला. पिशवी टाकून ताकाचे तीन ग्लास प्यायलो, तेव्हा तो पहिला शब्द बोलला: "अजून एक."

उतरताना दुसरी गंमत. रविवारी संध्याकाळी खुबी फाट्यावर येणारी प्रत्येक एसटी भरलेली, थांबेना. शेवटी भाजीच्या टेम्पोत बसून घाट उतरलो.

वाटेला दोष देत नाही, ती देखणी आहे. पण शुक्रवारी रात्रीच खिरेश्वरात येऊन राहा, उजाडता नागेश्वराचं देऊळ बघा (छताचं कोरीवकाम चुकवू नका) आणि ऊन तापायच्या आत खिंड गाठा.

*

64 वय, गुडघा, लेक. पाचनई गावावरून चढा. विषय संपला.

*

वरच्याशी सहमत, पण थोडं सविस्तर. मी नाशिकचा. आईला (तेव्हा 67) पाचनईवरून नेलं होतं. मुंबईची मंडळी इगतपुरी-घोटी-राजूर करून येतात. तुम्हाला पुण्याहून आळेफाटा-ब्राह्मणवाडा-कोतूळ सोपं पडेल. साडेचार-पाच तास धरा, शेवटचा रस्ता अरुंद आहे. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे गावातल्या नाक्यावर नोंद करून शुल्क भरावं लागतं. सुटे पैसे जवळ ठेवा.

सुरुवातीचा चढ दमवतो. मग वाट कातळाच्या पोटाखालून आडवी जाते. डोक्यावर छपरासारखा पुढे आलेला दगड, एका बाजूला दरी. तिथे आईनं अर्धा तास बैठक मारली. डोक्यावर पिठाची गोणी घेतलेल्या गावातल्या एक मावशी वर चालल्या होत्या. आईनं विचारलं, "मावशी, अजून किती राहिलं?" त्या न थांबता म्हणाल्या, "तुमच्या चालीनं दीड तास, माझ्या चालीनं पाऊण." आम्हाला पावणेदोन लागले. वर पोचलो तर त्यांच्या छपरात पिठलं-भाकरी तयार.

गुडघ्याचं म्हणाल तर चढण्याचं सोडा, उतरणीचं बघा. दोन काठ्या घ्या, एक पुरत नाही. आणि रविवारी दहाच्या आत उतरायला लागा, म्हणजे बाबांना कुणी घाई करणार नाही.

*

केदारेश्वराबद्दल लिहिते, कारण बाबांना तेच बघायचंय.

देवळाच्या बाजूला ओढ्याकाठी मोठी गुहा आहे. आत कमरेइतकं पाणी, मधोमध पाचेक फूट उंच शिवलिंग, भोवती चार खांब. त्यांतला एकच पूर्ण उभा, बाकी तीन तुटलेले. चार खांब म्हणजे चार युगं, तीन संपली, चौथा पडला की जग बुडणार, असं सांगतात. आमच्या मागचे एक आजोबा तो खांब हात लावून नीट तपासत होते.

मी जानेवारीत प्रदक्षिणेला उतरले. पहिल्या पावलाला पोटऱ्या बधिर झाल्या, तिसऱ्याला तोंडातून देवाचं नाव आपोआप आलं. तळाचे दगड दिसत नाहीत आणि निसरडे आहेत. बाबांना उतरायचंच असेल तर दुपारी न्या, कुणीतरी हात धरा, पंचा आणि कोरडी पँट बाहेर तयार ठेवा. आम्ही संध्याकाळी गेलो, मग ओल्या कपड्यांत कोकणकड्याचा वारा खाल्ला. तीन दिवस ताप.

देवळालाही वेळ द्या. जेमतेम सोळा मीटर उंचीचं, पण शिखरावरची नक्षी तिरप्या उन्हात बघण्यासारखी आहे. चांगदेवांनी इथे तप केलं असं मानतात. शिलालेख शोधायला लेकीला कामाला लावा. पुष्करणीच्या काठचे दगडी कोनाडेही तिला मोजू द्या.

*

माझा सल्ला कुणाला आवडणार नाही. शनिवारी चढूच नका. रविवारी चढा, सोमवारी उतरा, एक रजा टाका.

आम्ही शनिवारी कड्याजवळ तंबू लावला. शेजारी एका सहलवाल्यांचा पन्नास-बावन्न जणांचा गट, दोन वाजेपर्यंत स्पीकर. दोन वाजता तो थांबला, तर वारा सुरू झाला. कडा आतल्या बाजूला वळलेला असल्यामुळे खालून आलेला वारा उभाच वर उसळतो. तंबूचा एक खुंटा उपटला गेला, उरलेली रात्र मी कापडाचं टोक मुठीत धरून बसलो होतो. तंबू काठापासून लांब लावा, कुठे परवानगी आहे ते नाक्यावर विचारून घ्या. लहान मुलीला घेऊन मी तरी देवळाजवळच राहीन.

कडा मात्र दोनदा बघा. सूर्यास्ताला सगळेच जातात. सकाळी ऊन पाठीशी असतं, आणि समोर दरीत धुकं असेल तर त्यावर गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपली सावली दिसू शकते. तेच इंद्रवज्र. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं ते इथे पाहिल्याची नोंद आहे. मी चार वेळा गेलो, एकदाही नाही.

*

नळीची वाट केली आहे, बेलपाड्यातून. पहाटे निघून अंधारात वर. घसरणारे दगड, दोर, नेणारा जाणता माणूस हे सगळं लागतं. या धाग्यात तिचं काम नाही, तरी कुणी 'थोडं साहस' म्हणून सुचवेल, म्हणून आधीच लिहितोय: नको.

*

आम्ही जुलैत अर्ध्यातून परत फिरलो. पठारावर दहा फुटांपलीकडे दिसेना, दगडावरचे बाणही सापडेनात. शिट्टी वाजवत एकमेकांना शोधलं आणि मुकाट खाली आलो. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

*

धागाकर्ती पुन्हा. सगळ्यांचे आभार. ठरलं: पाचनई, रविवार-सोमवार. लेकीच्या शाळेत चिठ्ठी द्यावी लागेल. शनिवारी रात्री कोतूळला नातेवाइकांकडे मुक्काम, पहाटे निघून सातला चढायला सुरुवात. तंबू देवळाजवळ. दोन काठ्या आणल्या, त्यांतली एक बाबांनी कालच परत केली, "दुकानदाराला सांग, मी म्हातारा नाही." ती गुपचूप गाडीच्या डिकीत ठेवली आहे.

त्या मावशींचं छप्पर देवळाच्या नेमकं कुठल्या अंगाला आहे, तेवढं नाशिककरांनी सांगावं.